डावा काठ

नान्ना अर्धीच भाकरी खातात.
ताटाची उजवी बाजू पुसून लख्ख,
डावीकडे शेंगाचटणी तशीच, तेल सोडत बसलेली,
आणि म्हणतात, आज कमी वाढलंस.
मी ताट फिरवते.
त्यांना वाटतं, पुन्हा वाढलं.

डोळे चांगले आहेत, तपासून घेतले.
फेब्रुवारीत न्हाणीत पडले,
मेंदूत उजवीकडे एक शीर तुंबली
आणि डावीकडचं जग
त्यांच्या हिशेबातून उतरलं.
दाढी अर्धी. डावी चप्पल उंबऱ्यावर.
खांदा रोज त्याच चौकटीला आपटतो,
रोज चौकटीलाच शिवी, तेलुगूत.
मी म्हटलं, डावीकडे बघा. म्हटलं, एडमा.
दोन्ही भाषांत तिकडे काहीच नव्हतं.

हाच माणूस अक्कलकोट रोडवर
आठ मागांच्या मधोमध, पाठमोरा उभा राहून सांगायचा :
सहा नंबरला ताण्याचा धागा तुटला.
तेवढ्या खडखडाटात.
आता धोटा उजवीकडे जातो
आणि तिकडेच राहतो.

दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर
हत्तुरे मॅडमचं संशोधन चालतं.
मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, रबरी पट्टा,
डब्याएवढं यंत्र, दोन मिलिअँपिअर.
मुंगी चालल्यासारखं वाटेल, त्या म्हणाल्या.
वीस मिनिटं, आणि तेवढ्या वेळात कागदावर काम :
रेघेचा मध्य दाखवा. सगळ्या चांदण्या खोडा.
नान्ना उजवीकडच्या चांदण्या नीट खोडतात,
पेन्सिल ठेवतात, झालं म्हणतात.
डावं आभाळ भरलेलंच.

निम्म्या लोकांना करंट, मॅडमनी आधीच समजावलं होतं,
निम्म्यांना नुसती सुरुवातीची मुंगी,
अर्ध्या मिनिटात यंत्र गप्प.
कुणाला काय, मलाही माहीत नसतं.
मी शाळेचे गणवेश शिवते, डझनावर पैसे.
बंद यंत्र कुणाच्या डोक्यावर ठेवायचं
याचं माप कुठल्या टेपनं घेतात, मी विचारलं नाही.
सही केली.
नान्नांनीही केली, पानाच्या उजव्या टोकाला,
राजमल्लू येमूल, अक्षरं एकमेकांवर चढलेली.

एप्रिल. बेचाळीस अंश.
कन्ना चौकातून शेअर रिक्षा, पंधरा दिवस.
नवव्या दिवशी चार चांदण्या जास्त.
बाराव्या दिवशी रेघेचा मध्य बोटभर सरकला.
मग एका दुपारी, मी मशीनवर,
भाकरी मोडता मोडता त्यांचा हात थांबला.
मान हळूहळू, गंजलेलं शटर उचलावं तशी,
डावीकडे वळली.
ही चटणी कधी वाढलीस?
माझी सुई खिशाच्या जाड शिवणीत कडकन तुटली.

सहा महिन्यांनी मॅडमनी पाकीट उघडलं.
नान्ना बंद यंत्राच्या यादीत.

मेंदू आपणहूनही सावरतो, मॅडम म्हणाल्या,
चांदण्या खोडून खोडूनही वळण लागतं,
तुम्ही रोज ताट फिरवत होता, तेही असेल.
असेल, असेल.
त्यांचाही चेहरा जरा पडलेला.
मला फसल्यासारखं झालं,
पण फसवलं कुणी, ते नाव सापडेना.

जिन्यात नान्नांना सांगितलं, घाबरत.
ते कठडा धरून उभे राहिले
आणि हसले, उजव्या गालानं थोडं जास्त.
करंट नव्हता?
माझ्या बापाच्या हातमागाला तरी कुठं होता!

आता सोमवारपासून खरा करंट द्यायचा म्हणतात.
नान्ना तयार. मी अजून हो म्हटलेलं नाही.
चप्पल अजूनही राहते कधीकधी.
काल टॉवेलांच्या घड्या करायला बसले होते.
डोळे मिटून बोटांनी चाचपत
कापडावरून कितीतरी वेळ चालत गेले,
डाव्या काठापर्यंत.
सापडला, तेव्हा मला सांगितलं नाही.
पुढचा टॉवेल ओढला.